दहा वर्षं दुखरी की सात ठणठणीत?

तलावपाळीकर
भाची पब्लिक हेल्थ शिकते. आजारपणातल्या आयुष्याला लोक किती किंमत देतात, हे विचारायच्या मुलाखतीचा सराव हवा म्हणून शनिवारी नौपाड्याला आमच्याकडे आली आणि माझ्या आईलाच समोर बसवलं. चालणं-फिरणं, आंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, काळजी-उदासी. या पाच गोष्टी आणि प्रत्येकीच्या पाच पातळ्या. मग प्रश्न: "आजी, गुडघ्यांनी पार बसवलंय, आंघोळीलाही माणूस लागतं, अशी दहा वर्षं हवीत की अगदी ठणठणीत सात?" सात चालली तर सहा, नाही चालली तर आठ, असा भाजीवालीसारखा भाव करत जायचं आणि दोन्ही बाजू सारख्याच वाटल्या की थांबायचं. सातवर थांबलं तर त्या अवस्थेची किंमत ०.७.

आई तीनवर थांबली. भाचीने का विचारलं तर म्हणाली, "अगं, मला न्हाऊ घालायला सुनेने नोकरी सोडायची का? त्यापेक्षा चालतं-बोलतं गेलेलं बरं."

हा आकडा आरोग्याचा नाहीच. तो ओझं होण्याच्या धास्तीचा आहे. अशा धास्तींची सरासरी काढून कुठल्या उपचारावर सरकारी पैसा घालायचा ते ठरवणार? मला पटत नाही.

आकडेमोड, ऐरोली
मोजलं नाही तर कोण ठरवणार? ज्याची ओळख मोठी तो.

गुडघा बदलला म्हणून कुणी जास्त जगतं असं नाही. नुसते वाचलेले जीव मोजले तर तुमच्या आईचा गुडघा बदलायचा फायदा जवळपास शून्य. गुडघ्याच्या इम्प्लांटचे दर सरकारने २०१७ मध्ये बांधून दिले, पण त्या पैशात माणसाला मिळतं काय, हे सांगायला अशीच काहीतरी फूटपट्टी लागते. वर्षं गुणिले भाव, झालं क्वाली (QALY, म्हणजे तब्येतीचा दर्जा धरून मोजलेली वर्षं).

पाच गोष्टी, पाच पातळ्या म्हणजे ३१२५ अवस्था. सगळ्या कुणी विचारत नाही. थोड्या विचारून बाकीच्यांचा हिशेब बांधतात. पूर्ण आरोग्य १, मरण ०, आणि मरणापेक्षाही वाईट वाटणाऱ्या अवस्था शून्याखाली. आधी आपण दुसऱ्या देशांतल्या लोकांचे भाव उसने घेत होतो. २०२२ मध्ये आपला स्वतःचा भावांचा संच प्रसिद्ध झाला, पाच राज्यांतल्या ३५४८ जणांना विचारून. त्यात सगळ्यात वाईट अवस्थेला उणे ०.९२३. ब्रिटनच्या १९९७ च्या संचाचा तळ उणे ०.५९४ होता (तो तीन पातळ्यांचा, त्यामुळे सरळ तुलना करू नका).

धास्ती आकड्यात शिरली म्हणता? शिरू दे की. आपल्या घरांत ओझं होणं हा आजारपणाचाच भाग आहे. तो वगळला तर आकडा इंग्लंडातला होईल.

घोडबंदर_रोज
रोज अडीच तास ट्रॅफिकमध्ये. ही कितवी अवस्था?

सोम_बुध_शुक्र, नेरूळ
मी सहा वर्षं डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. धडधाकट माणसाला माझी अवस्था वाचून दाखवा, तो दहातली चार वर्षं सहज सोडून देईल. मी सहा महिनेही देणार नाही. मुलगी दहावीला आहे, ऑफिस अर्धवेळ चालू आहे, मंगळवारी संध्याकाळी इथल्या ज्वेल बागेत चक्कर होते. ज्यांनी हे भोगलेलंच नाही त्यांना माझ्या वर्षाचा भाव का विचारता?

आकडेमोड, ऐरोली
कारण पैसा त्यांच्याही करातला आहे. आणि दुसरी बाजू बघा. तुम्ही सरावलात, म्हणून स्वतःला समजा ०.९ द्याल. मग किडनी बसवून पूर्ण १ झालात तरी तुम्हाला मिळणार फक्त ०.१! तुमच्या समाधानामुळेच तुमचं ऑपरेशन महाग ठरेल. परक्याने ०.५ दिले तर तुमचा फायदा पाचपट.

सोम_बुध_शुक्र, नेरूळ
हे डोक्यात आलं नव्हतं, मान्य. पण तोच ०.५ उलटाही फिरतो ना? उद्या मला न्यूमोनिया झाला. मला दहा वर्षं वाचवली तर तुमच्या वहीत पाच, शेजारच्या ठणठणीत माणसाची दहाची दहा. औषध तेच, रुपये तेवढेच. याच आक्षेपावरून अमेरिकेने २०१० च्या कायद्यात मेडिकेअरला (तिथली मुख्यतः ज्येष्ठांची सरकारी आरोग्य विमा योजना) अशा आकड्यांवरून उपचार नाकारायला मनाई केली. आकडा बरं करण्यासाठी वापरा, जगवण्यासाठी नको.

आकडेमोड, ऐरोली
इथे माझ्याकडे गोळीबंद उत्तर नाही. पण दोन वह्या ठेवल्या तर पैसे वाटताना त्या जोडायच्या कशा? आपल्याकडे २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली हेच तपासणारी व्यवस्था आहे. एकच निकष लावून ती निर्णय घेत नाही, खर्च आणि समन्यायही बघते, एवढं सांगू शकतो.

तलावपाळीकर
काल आईला पुन्हा विचारलं, धास्ती बाजूला ठेवून. "सून घरात नाहीच असं समज," म्हटलं. ती म्हणाली, मग पाच. म्हणजे दोन वर्षं नुसत्या सुनेची! आकडेमोड म्हणतात ती आजारपणाचाच भाग आहेत. मला अजून ती सुनेच्या रजेचा भाग वाटतात.

पण त्याहून वेगळंच निघालं. "बाहेर पडता येत नाही" हे तिने गुडघ्यांवर घेतलंच नव्हतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वरून तलावपाळीचा वारा येतो पण खाली उतरायचं म्हणजे छत्तीस पायऱ्या. तिने भाचीला उलट विचारलं, "लिफ्ट बसली तर किती वर्षं घेशील गं?" त्या फॉर्मात लिफ्टला रकाना नाही.

घोडबंदर_रोज
पुनर्विकासाला सह्या किती झाल्या ते सांगा आधी.

तलावपाळीकर
चोविसांतल्या एकोणीस. तळमजल्यावाले अडलेत.