बाबांच्या फोनवर ‘लग्नपत्रिका.एपीके’ आली, आता काय करू?

मुक्ता_सातारा: बाबांना व्हॉट्सॲपवर गावातल्याच ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका म्हणून एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल आली. उघडली, तर ॲप इन्स्टॉल झालं. आयकॉन कुठेच दिसत नाही. पेन्शनचं खातं याच नंबरला जोडलंय. फोन फॉरमॅट करू का?

अण्णा_मोबाइलवाले: फॉरमॅट नंतर. आधी नेट बंद करा, वायफायसुद्धा. सिम काढून साध्या बटणांच्या फोनात टाका आणि बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग थांबवा. असली ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ओटीपी परस्पर पळवतात. पैसे गेले असतील तर या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते.

मुक्ता_सातारा: बँकेने सगळं थांबवलं. पैसे जागेवर आहेत! बाबा फार घाबरलेत हो.

अण्णा_मोबाइलवाले: त्यांना रागावू नका, ताई. माझ्या दुकानात शिकलेली माणसंही हेच घेऊन येतात. आता फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग फॉरमॅट. सिमवरून ##००२# डायल करा, कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असतील तर ते रद्द होईल. व्हॉट्सॲपला ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी देऊ नका.

वैशाली_के: ज्यांच्या नंबरवरून आली त्यांनाही आजच फोन करा. त्यांच्याकडून ती गावभर जात असेल.