सोसायटीचा ग्रुप: अश्विनशेठचा फोटो बाहेर कोणी पाठवला?

मेधा कुलकर्णी, सी-२०१: गणपतीतल्या 'संशयकल्लोळ' नाटकाच्या पत्रिकेसाठी काढलेला त्यातल्या नायकाचा, अश्विनशेठचा फोटो "शर्वरीसाठी हाच ठरला, अभिनंदन" असं लिहून बाहेर कोणी पाठवला? ग्वाल्हेरच्या नणंदेनं फोन करून मुलाचा पगार विचारला, ते एकवेळ ठीक. पण रविवारी शर्वरीला बघायला सुरतेहून जे येणार आहेत त्यांच्यापर्यंतही तो गेलाय. मुलाच्या आई विचारतात, "तुमचं ठरलंय म्हणे, मग आम्ही यायचं की नाही?" काय सांगू त्यांना?

निनाद, ए-३०४: काकू, चेहरा माझा आहे, पण पाठवला मी नाही. माझ्याही ऑफिसात पेढे मागतायत.

पटेलभाई, बी-१०२: निनाद, पार्टी क्यारे? 😄

मेधा कुलकर्णी: पटेलभाई, इथे मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

पटेलभाई: सॉरी मेधाबेन. 🙏

शिर्के, सेक्रेटरी: सर्व सभासदांस नम्र विनंती. रात्री १० ला माईक बंद. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे.

कुसुम आजी, सी-२०१: मी पहिल्यापासून सांगत होते. नायकिणीची मुलगी रेवती आमच्या शर्वरीनं कशाला करायची? त्यापेक्षा फाल्गुनरावाची बायको कृत्तिका करायची. घरंदाज बाई तरी आहे.

वैद्य वहिनी, ए-२०२: आजी, कृत्तिका मला दिली आहे. मागच्या मीटिंगला. तुम्ही होतात.

कुसुम आजी: हो, होते. तुम्ही मागितलीत तेव्हा कोण नाही म्हणणार?

वैद्य वहिनी: 🙏

देशपांडे काका, बी-४०१: कुसुमताई, रेवती नायकिणीच्या घरची आहे, पण तिला हवाय संसार, आणि आपल्या आवडीच्या माणसाशी. नाटककार गो. ब. देवलांनी तिला कुठेही हलकी केलेली नाही. १८९९ मध्ये म्हाताऱ्या नवऱ्यांच्या गळ्यात पोरी बांधण्याविरुद्ध 'शारदा' लिहिणारा माणूस तो. आणि ही भूमिका बालगंधर्वांनी केली. समोर फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस! शर्वरीला ती मिळाली याचा मला तरी अभिमान वाटतो.

केदार, नाटक उपसमिती: काका, छान माहिती. आता मुद्द्याचं. नाटक सव्वा तासात बसवतोय. पदं तीनच, तीही रेकॉर्डेड ट्रॅकवर. पेटीवाला-तबलजी यांचा खर्च वाचेल.

देशपांडे काका: हे कधी ठरलं?

केदार: उपसमितीत.

देशपांडे काका: उपसमितीत मी आहे ना?

केदार: काका, तुम्ही त्या दिवशी पुण्याला होतात.

शिर्के, सेक्रेटरी: रात्री १० ला माईक बंद.

देशपांडे काका: केदार, नीट वाच. मूळ गोष्ट फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६० ची. तिच्यावरून इंग्रजीत मर्फीनं नाटक केलं, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये गद्य 'फाल्गुनराव' लिहिलं. तेच पुढे पदं घालून १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं 'संशयकल्लोळ' म्हणून आणलं. म्हणजे २३ वर्षांनी, मुद्दाम, पदं घातली. तुम्ही ती काढून टाकणार?

केदार: मग १८९३ चंच करू या की काका. तेही देवलांचंच.

निनाद: 😂😂

देशपांडे काका: हसू नकोस, तू अश्विनशेठ आहेस. रेवती रस्त्यात भोवळ येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका बघते. तिथंच पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ती तिच्या हातात फाल्गुनराव बघतो. झालं, चार माणसं एकमेकांवर उखडलेली! हा घोटाळा गद्यात चालतो, मान्य. पण रेवती-अश्विनशेठचं प्रेम फक्त पदांत आहे. 'मृगनयना' काढलंस तर प्रेक्षकाला कळणार कसं की याचा जीव तिच्यावर आहे? उरेल नुसती फाल्गुनरावांची आरडाओरड.

जोशी, डी-१०३: फाल्गुनराव मी करतोय, काका.

देशपांडे काका: तुमच्याबद्दल नाही हो, जोशी.

पटेलभाई: भादव्यानो रोल मने आपो ने. मराठी आवडते मला, थोडी थोडी.

वैद्य वहिनी: बी विंगसमोर पांढरी गाडी कोणाची? स्टेजचं सामान उतरवायचंय. तिसऱ्यांदा विचारतेय.

शिर्के, सेक्रेटरी: गाडीमालकाने कृपया लक्ष द्यावे. तसेच १० ला माईक बंद.

मेधा कुलकर्णी: माझ्या प्रश्नाचं काय झालं?? फोटो कोणी पाठवला हे कोणीच सांगणार नाही ना? ठीक आहे.

शर्वरी: आई, सुरतेच्या काकूंशी मी आत्ता स्वतः बोलले. नाटक काय, तसबीर काय, सगळं सांगितलं. कोण कोणाला फोटोवरून भलताच समजतं हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, रविवारी येतोच. आणि केदारदादा, ट्रॅकवर ओठ हलवायला मी स्टेजवर उभी राहणार नाही. पदं मी गाणार, नाहीतर रेवती दुसऱ्या कोणाला दे.

कुसुम आजी: गळा आमच्याकडचाच आहे तिचा.

देशपांडे काका: शाब्बास पोरी! अरे, गंधर्व मंडळीला सयाजीराव महाराजांचा राजाश्रय होता. १८८६ मध्ये त्यांनी गायनशाळा काढली ती याच गावात. सुरसागरकाठी म्युझिक कॉलेज असताना बडोद्याच्या गणपतीत ट्रॅक लावायचा? साथीच्या मुलांच्या मानधनातले पहिले दोन हजार माझे.

पटेलभाई: मारा पण बे हजार.

केदार: पैसे आले तरी वेळ कुठून आणायचा? आरती साडेसातला, नाटक साडेआठला.

वैद्य वहिनी: आरती सहाला घ्या, पडदा पावणेसातला. तीन तास मिळतात. भटजींना मी सांगते.

शिर्के, सेक्रेटरी: पावणेदहाला संपत असेल तर माझी हरकत नाही. लेखी द्या.

जोशी: मग लोक जेवणार कधी?

पटेलभाई: मध्यंतरामां सेव-उसळ. माझ्याकडून.

केदार: बरं. आठ पदं. नववं मागू नका, काका.

देशपांडे काका: कुठली आठ, ते शर्वरी आणि मी ठरवणार. निनाद, उद्या सातला वर ये, पेटी घेऊन बसू.