'एरर नाणं' म्हणजे नेमकं काय? छापचूक, चरा, जंगाल... मराठी शब्द हवेत

भुसावळहून लिहितोय. आजोबांच्या पत्र्याच्या डबीत १८६२ चा पाव आणा सापडला, तांब्याचा, राणीचा चेहरा असलेला. राणीच्या गालावरून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ गेलीय आणि मागच्या बाजूला कडेला हिरवं चढलंय. बाजारात दाखवला तर एक जण म्हणे एरर आहे, जपून ठेवा, आणि दुसऱ्याने डॅमेज आहे म्हणून बाजूला सारला. बरं, आपल्याकडे ह्या दोन्हीला वेगळे शब्द आहेत का? मी दोन्हीला 'खोट' म्हणत होतो, चालेल का?

---

भाऊ, 'खोट' नका वापरू. नाण्यात खोट म्हटलं की माणसाला आधी धातूतली भेसळ आठवते, बद्द वाजणारा रुपया आठवतो, आणि तुमचा पाव आणा तर अस्सल आहे. मी असं म्हणतो, चकतीवर ठसा पडून नाणं टांकसाळीबाहेर पडेपर्यंत जे चुकलं ती छापचूक, आणि त्यानंतर खिशात, मातीत, पाण्यात जे झालं तो सगळा मार. एकदा ही रेषा डोक्यात बसली की पुढचे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातच सापडतात.

तुमच्या रेघेचंच घ्या. भिंग लावा आणि उजेड एका बाजूने तिरपा पाडा. टांकसाळीत चकतीवर छाप उठवणाऱ्या पोलादी ठशाला तडा गेलेला असेल तर दाब पडताना तांबं त्या तड्यात शिरतं, म्हणून नाण्यावर रेघ उठून दिसते, ती छापचूक. रेघ खाली गेलेली असेल, दोन्ही कडांना धातू ढकलल्यासारखा फुगलेला असेल तर तो नुसता चरा. उठलेली रेघ टांकसाळीची, खणलेली रेघ आपली, एवढं पक्कं धरलं तरी बाजारात निम्मी फसवणूक टळते.

अक्षरांचंही तसंच आहे आणि इथे मराठी फार नेमकी आहे. अक्षर 'झिजलं' आणि अक्षर 'बुजलं' हे एक नाही. झीज आधी उंच जागी होते, राणीचा गाल, केस, मुकुट, आणि सगळीकडे हळूहळू होते. पण ठशाच्या खाचेत वंगण-कचरा बसला तर तेवढंच एक अक्षर उमटत नाही, शेजारची अक्षरं मात्र धारदार राहतात, ते बुजलेलं अक्षर आणि ती छापचूक.

हिरव्याला 'गंज' म्हणू नका, गंज लोखंडाला. तांब्याला चढतं ते जंगाल. घट्ट, गुळगुळीत बसलेलं जंगाल असू द्या, पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती तांबं आत खात जाते, दमट जागेत वाढते, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. आणि वजन करा, पाव आणा मुळात साधारण ६.४८ ग्रॅमचा. बराच कमी भरला तर झिजलाय किंवा मातीने खाल्लाय.

---

'मातीने खाल्लाय' हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे धुळ्याला आजी काळ्या जमिनीत नांगराला लागलेलं नाणं बघून म्हणायची, "हाई ते मातीनी खायेल शे." 'कोरोडेड' वगैरेपेक्षा हे कितीतरी जवळचं आहे आणि खरंही आहे, धातू खरोखर खाल्लेलाच असतो.

एक भर घालतो. शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, छापचूक हा शब्द लावताना जपून. दुदांडी (ओळींमध्ये दोन रेघा असलेल्या) शिवराईवर 'श्री राजा शिव' पूर्ण क्वचितच दिसतं, 'शिव' अर्धं कडेबाहेर गेलेलं असतं आणि लोक ते 'ऑफसेंटर एरर' म्हणून चढ्या भावाने विकतात. ठसा चकतीपेक्षा मोठा आणि घण हाताने मारलेला, मग ते होणारच, ती त्या काळची रीतच होती. यंत्राच्या नाण्यावर ठसा सरकला तर ती चूक.

आणि शब्दचर्चाच आहे म्हणून, आपण 'जरब बसवणे' म्हणतो ना, त्यातली जरब म्हणजे मूळ अरबीत घाव, ठोका. मुघल नाण्यांवर फारसी लिपीत हाच शब्द असतो आणि पुढे टांकसाळीचं गाव, म्हणजे 'जरब बुरहानपूर'. बुरहानपूर तर जुन्या खानदेशची राजधानी. म्हणून मला छापचुकीपेक्षा 'जरब चुकली' म्हणावंसं वाटतं, पण ते सगळ्यांना समजेल का माहीत नाही.

---

दोघांचे मनापासून आभार. 'जरब चुकली' सुंदर आहे, पण छापचूक कुणालाही लगेच कळेल, मी तोच धरतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नाणं ठेवलं, ५.९ ग्रॅम भरलं. भिंगातून रेघ खणलेलीच दिसली, म्हणजे चरा. जंगाल घट्ट आहे, भुकटी नाही. आई चिंचेने घासायला बसली होती, तिला वेळेवर थांबवलं, नाहीतर अजून एक मार आम्हीच दिला असता. डबीत खाली एक शिवराईसुद्धा निघाली, 'राजा' स्पष्ट आहे, 'श्री' अर्धीच. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.