हीथकिट एचडब्ल्यू-१०१ : पॉवर केबलच्या ११ पिनी प्लगचा खुंटा तुटला, पर्याय काय?

नाशिकचा नवा हॅम
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ ओएमनी (हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, एकमेकांना असं म्हणतात) त्यांचा एचडब्ल्यू-१०१ हा हीथकिटचा जुना ट्यूबवाला रेडिओ सेट (रिग) आणि त्याला वीज देणारा एचपी-२३ सप्लाय मला दिलाय. केबलच्या सप्लायकडच्या टोकाला जो ११ पिनांचा काळा प्लग आहे, त्याचा मधला खुंटा, म्हणजे प्लग एकाच दिशेने बसू देणारा, तुटलाय. पिना शाबूत आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारलं, "जुना माल, आता येत नाही" म्हणाले. पांढऱ्या रंगाची खूण करून तोच वापरू का? की दोन्हीकडचं काढून माइकला असतो तसा गोल कनेक्टर बसवू?

ट्यूबवाला काका
खुणेवर अजिबात विसंबू नका. पिना सारख्या अंतरावर आहेत, त्यामुळे खुंट्याशिवाय प्लग अकरा प्रकारे बसतो आणि त्यातला एकच बरोबर. या केबलमधून ६१४६ या आउटपुट ट्यूबच्या प्लेटचे ७००-८०० व्होल्ट जातात, शेजारीच ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटचे १२.६. एक घर चुकलं तरी रिग गेली, कदाचित हातही. माइकचा कनेक्टर एवढ्या व्होल्टेजसाठी नसतोच.

रेडिओवाल्यांकडे नका शोधू, पॅनलवाल्यांकडे जा. कंट्रोल पॅनलमधला ११ पिनी प्लग-इन रिले याच बेसचा असतो. जळका रिले भंगारात मिळेल. कव्हर काढा, आतली कॉइल आणि पट्ट्या कापून टाका. खुंट्यासकट बेस हाती येतो. कव्हरला वरून भोक पाडून ग्रोमेट (रबरी कडी) घाला, आत केबलला गाठपट्टी मारा, म्हणजे ओढ सोल्डरच्या डागांवर येणार नाही. प्रत्येक डागावर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) हवीच. फिलामेंटची तार जाड घ्या, पाच-एक अँपियर जातात. बारीक तारेत व्होल्ट पडले की ट्यूब नीट तापत नाहीत.

सप्लायला हात लावण्याआधी मेन्सची पिन काढा आणि कपॅसिटरवर व्होल्ट उरलेत का ते मीटर लावून बघा. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर इतक्या वर्षांत आतून तुटलेला असू शकतो.

पॅनल वायरमन, चाकण
काकांचं बरोबर, फक्त रिलेच्या बेसवर बहुतेक २५० व्होल्टच लिहिलेलं असतं. केबल दोन्हीकडून सोडवून हाय व्होल्टेजची पिन आणि बाकी सगळ्या यांच्यात १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा. काटा जरा जरी हलला तर तो बेस टाकून दुसरा घ्या. जळक्या रिलेत कधी कधी प्लास्टिकवर काजळी धरलेली असते, ती गळते.

नाशिकचा नवा हॅम
रिले मिळाला! पिन नंबर कसे मोजू? आणि आधी नुसता सप्लाय लावून व्होल्ट बघू का?

ट्यूबवाला काका
पिना तुमच्याकडे करून धरलात तर खुंट्याच्या कंगोऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने १ ते ११. डागांच्या बाजूने बघताना उलट दिशेने. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून प्रत्येक तार लावली की लगेच मीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून (कंटिन्युइटी) बघा. नुसता सप्लाय चालू होणार नाही, त्याचा स्विच रिगमध्ये आहे आणि तो याच केबलमधून जातो. आणि आपल्याकडचे २३० थेट देऊ नका. एचपी-२३ अमेरिकन मेन्सचा आहे, मध्ये ११० चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. ७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा).