सोलापुरातून एका दिवसाच्या भटकंतीत काळ्या दगडाच्या वास्तू आणि सपाट शिवार यांची छायाचित्रे कशी घ्यावीत?

विजापूरवेस:
नमस्कार. रविवारी पहाटे दुचाकीने निघून रात्रीच्या जेवणाला सोलापुरात परत येता येईल, एवढ्या अंतरातल्या जुन्या वास्तू आणि शिवार यांची छायाचित्रे मी अलीकडे घेऊ लागलो आहे. साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि मोबाइल एवढेच माझे साहित्य आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याचा किंवा नळदुर्गचा काळा दगड छायाचित्रात राखाडी आणि निर्जीव दिसतो, आणि बुरूज तर मागे कलंडल्यासारखे येतात. शिवाराची गत आणखी वेगळी आहे: आपल्याकडे ना डोंगर ना घाट, त्यामुळे खाली माती, वर आभाळ आणि मध्ये एखादी बाभळ, यापुढे चित्र सरकत नाही. अधिक रुंद कोनाची लेन्स घ्यावी का? येत्या हिवाळ्यासाठी ठिकाणेही सुचवावीत.

जुनाकॅमेरा:
लेन्स घेऊ नये. तेवढ्या पैशांत वर्षभराचे पेट्रोल होईल.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो. चौकट काळ्या बेसॉल्टने भरली की त्याला दृश्य अंधारे वाटते, तो जादा प्रकाश घेतो आणि दगड राखाडी होतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवावे. चौकटीत अर्धे पांढुरके आभाळ असेल तर मात्र नेमके उलटे घडते आणि तटबंदी काळीठिक्कर पडते; तेथे आभाळ शक्य तितके कमी घ्यावे, किंवा रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपून सावलीचा भाग नंतर उजळावा.

निर्जीवपणा दिसतो तो उन्हाच्या दिशेमुळे. सूर्य मागून थेट भिंतीवर पडत असेल किंवा डोक्यावर असेल, तर दगडाचा पोत दिसत नाही. भिंतीला घासून जाणारे तिरपे ऊन असेल, तर प्रत्येक चिऱ्याची कड आणि तिच्यावरचे छिन्नीचे घाव वेगळे उठून दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो, म्हणून उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला त्या दिवसांत थेट ऊन लागतच नाही. निघण्यापूर्वी नकाशावर वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहावे आणि त्यावरून सकाळ की संध्याकाळ हे ठरवावे.

बुरूज कलंडतात, कारण जवळ उभे राहून आपण कॅमेरा वर तिरपा करतो. मागे सरकावे, कॅमेरा उभा धरून त्याची पाठ भिंतीला समांतर ठेवावी आणि खाली जास्तीची आलेली जमीन नंतर कापून टाकावी. समोरच्या तटावर चढता आले तर आणखी उत्तम, कारण तेथून बुरुजाचा मध्य डोळ्यांच्या पातळीवर येतो. रुंद कोनाच्या लेन्सने हा दोष कमी होत नाही. तिच्यामुळे आपण आणखी जवळ जातो आणि कॅमेरा आणखी वर करतो.

भीमाकाठ:
वरील उत्तराशी सहमत आहे. शिवाराबद्दल मात्र माझे मत असे की, आपला मुलूख सपाट आहे ही तक्रारच सोडून द्यावी. क्षितिज चौकटीत अगदी वर किंवा अगदी खाली न्यावे आणि जमिनीवर जे चालले आहे त्याच्या जवळ जावे.

ऊसतोडीच्या हंगामात पहाटे भीमाकाठच्या कोणत्याही रस्त्यावर थांबा. टायरगाडीवर उसाच्या मोळ्या बैलांच्या वशिंडाहून उंच रचलेल्या असतात, वाढ्यांचे शेंडे मागे लोंबत असतात, आणि सूर्य गाडीच्या मागे असला की बैलांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ स्पष्ट दिसते. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे आणि रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसावे. कॅमेरा खाली गेला की गाडी आपोआप क्षितिजाच्या वर उठते. गाडीवानाला आधी राम राम घालून विचारावे. तोडीच्या कामावरची माणसे म्हणजे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत.

जानेवारीत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच झालेली असते. बांधावरून टिपल्यास नुसती हिरवी भिंत येते, परंतु दोन ओळींमधून उन्हाकडे तोंड करून पाहिल्यास पाने काचेसारखी पेटतात. पिकात शिरण्यापूर्वी रानाच्या मालकाला विचारावे. बहुधा परवानगीबरोबर हुरडाही मिळतो. त्याच रस्त्यावर माचणूर आहे, तेथे भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे मंदिर आणि घाट आहे, आणि शेजारी औरंगजेबाच्या छावणीचा किल्ला आहे.

त्याहूनही मी हत्तरसंग कुडलचा आग्रह धरीन. तेथे सीना भीमेला मिळते आणि नदीपलीकडे कर्नाटक सुरू होते. संगमेश्वर मंदिरात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात अनेक मुखे कोरलेले शिवलिंग आहे. शिलालेखाच्या ओळी समोरून फ्लॅश मारल्यास नाहीशा होतात. विजेरी एका बाजूला, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी, म्हणजे खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि अक्षर न् अक्षर उठते. अक्षरांवर खडू, पीठ किंवा पाणी कृपा करून लावू नये. तसे करताना मी लोकांना पाहिले आहे.

होटगीरोड:
नळदुर्ग हिवाळ्यात पाहावा की पावसाळ्यात, यावर दोन मते असू शकतात, आणि माझे मत बहुतेकांच्या उलट आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल आणि त्याच्यावरून कोसळणारे नर-मादी हे धबधबे पाहायला पावसाळ्यात झुंबड उडते. पण बंधारा भरून वाहू लागेपर्यंत धबधबे नसतातच, आणि आपल्या भागात जोराचा पाऊस पुष्कळदा भाद्रपदात, परतीच्या वेळी पडतो. शिवाय ते वाहू लागले की चौकटीत पाण्यापेक्षा सेल्फी घेणारेच जास्त. हिवाळ्यात तेथे धबधबा नसतो, पण बंधाऱ्याचे बांधकाम नीट पाहता येते आणि उपळी बुरुजावर चढून सगळा किल्ला आरामात न्याहाळता येतो. धबधबाच हवा असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि कॅमेरा कठड्यावर टेकवून शटर पाव सेकंदापर्यंत उतरवावे.

आता परवानगीचे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये हातात धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, मात्र तिपाईसाठी पूर्वपरवानगी लागते आणि ड्रोन तर विचारल्याशिवाय उडवूच नये. मंदिरांत गाभाऱ्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही वनखात्याची परवानगी घ्यावी. माळढोक पक्षी दिसेल या आशेवर जाऊ नये, परंतु वाळलेल्या गवतातले काळवीट संध्याकाळच्या उन्हात फार सुरेख येतात.

विजापूरवेस:
सर्वांचे आभार. लेन्सचा विचार रद्द केला आहे. हत्तरसंग कुडल आणि माचणूर एकाच रविवारी जमतील का?

भीमाकाठ:
अंतराच्या दृष्टीने जमतील, उजेडाच्या दृष्टीने नाही. दोन्ही ठिकाणी नदीकाठची सकाळच महत्त्वाची आहे, आणि एकीकडची सकाळ साधली की दुसरीकडे पोहोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलेले असेल. पहिल्या रविवारी कुडल करा. विजेरी आणि जादा बॅटरी सोबत ठेवा. माचणूर ज्वारी उंच झाल्यावर, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास करा. फक्त त्याच सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मुख्य दिवशी सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूने गाडी बाहेर काढण्याच्या भानगडीत पडू नका.