धंदा स्वभावावर चालतो की सातबाऱ्यावर?

दारव्हेकर:
आमच्या दारव्हा तालुक्यातल्या गावात एकाच वर्षी दोन मिनी डाळमिल लागल्या. मशीन एकाच बनावटीची, पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेचं, कर्ज दोघांनाही, ग्रामीण भागाचं २५ टक्के अनुदानही सारखंच. आज एक चालू आहे. दुसरीच्या शेडमध्ये कुटार भरून ठेवलंय.

बंद पडली तो माणूस गावाचा लाडका. कोणी तूर भरडायला आणली की "राहू द्या पैसे, सोयाबीन निघाल्यावर पाहू." पाणी लावलेली तूर वाळायच्या आत पुढच्याला शब्द देऊन बसायचा, मग तीच ओलसर तूर मशीनवर चढवायचा. टरफल सुटायचं नाही, चुरा वाढायचा. टिकला तो दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही. पण आलेली तूर, निघालेली डाळ, चुनी (उरलेला चुरा-टरफल), सगळ्याचं वजन वहीत. क्विंटलमागे ७०-७५ किलो डाळ निघायला हवी. कमी निघाली की त्या रात्री तो रोलर उघडून बसतो.

२००६ साली झाओ आणि सायबर्ट या अभ्यासकांनी २३ अभ्यास एकत्र करून उद्योजकांची तुलना नोकरदार व्यवस्थापकांशी केली. उद्योजक जास्त नेटके, नव्याला जास्त मोकळे, कमी घाबरणारे आणि दुसऱ्याच्या मनासारखं वागण्यात कमी निघाले. बोलकेपणात मात्र फरक नव्हता. आपण तर "बोलका आहे, धंदा करेल" म्हणून पोरांना दुकानावर बसवतो! माझं मत स्पष्ट आहे: कर्ज आणि योजना नंतर, आधी स्वभाव.

पराटीवाला:
दारव्हेकर भाऊ, त्या दोघांचं शेत किती हाय? ओलित का कोरडवाहू? हे काऊन नाई लिहिलं?

जोखीम घेते तो उद्योजक, असं म्हनतात. मग मृगात उधारीचं बियानं मातीत टाकनारा कोन हाय? पानी येईल का नाई ठाऊक नाई, भाव ठाऊक नाई. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तरी पुढच्या खरिपात मानसानं पराटीच, म्हंजे कपाशीच, लावली. एवढं काळीज कोन्या कारखानदाराचं हाय? पन त्याले कोनी उद्योजक म्हनत नाई. "वऱ्हाडातल्या मानसात धंद्याचा गुनच नाई" हे मी लहानपनापासून ऐकून रायलो. तुम्ही तेच अभ्यासाचं नाव घेऊन सांगून रायले, म्हनून राग येते.

दारव्हेकर:
राग रास्त आहे. टिकला त्याचं सहा एकर ओलित, बंद पडला त्याचं तीन एकर कोरडवाहू. हे आधीच लिहायला हवं होतं. पण वजन लिहायला ओलित लागत नाही, भाऊ. पेन लागतो.

पराटीवाला:
तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत. ज्याच्या हाती पैसा हाय तो तेव्हाच विकत घेऊन ठेवते अन् वर्षभर स्वतःची डाळ करून विकते. ज्याच्यापाशी खेळतं भांडवल नाई तो निस्ती भरडाई करते. मग गिऱ्हाईक तुटू नये म्हनून उधार देनंच पडते, ओली तूर घेनंच पडते. तुम्ही ज्याले स्वभाव म्हनता ना, ती मजबुरी हाय.

शाखेतून निवृत्त:
बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये बरीच वर्षं काढली. तारण पाहिल्याशिवाय आम्ही सहीच करत नसू, त्यामुळे पराटीवाल्यांचं खरं आहे. तरी एक पाहिलं. हप्ता चुकणार हे दिसताच काही जण आपणहून शाखेत येत, काही फोन बंद ठेवत. जमीन दोघांकडे सारखीच कमी असायची. आपणहून येणाऱ्यांसाठी काहीतरी मार्ग निघायचा.

सेलूची ताई:
आमचा बचत गट हळद-मिरची दळतो, मसाला करतो. माझा स्वभाव दारव्हेकरांच्या त्या बंद पडलेल्या दादांसारखाच. नाही म्हणता येत नाही. पहिल्या दिवाळीला जावेनं, तिच्या बहिणीनं, शेजारणीनं मसाला नेला, पैसे संक्रांतीपर्यंत आले नाहीत. मिरची घ्यायला माझे कानातले गहाण पडले.

मी बदलले नाही. गटानं नियम बदलला. उधारीची वही दुसऱ्या बाईकडे दिली आणि मला सांगायला वाक्य दिलं: "वही गटाची आहे, माझी नाही." आता मी हसतच नाही म्हणते, आणि कोणी रुसत नाही. या मऊ स्वभावामुळेच पंचक्रोशीतल्या बाया आपल्या गावच्या बाजारात आमचा मसाला विकतात. तुमच्या अभ्यासात हा गुण उद्योजकांत कमी भरतो म्हणता. माझा तर अर्धा धंदा त्याच्यावर उभा आहे.

आणखी एक. कमी बोलणारा, हिशेबाला पक्का पुरुष तुम्हाला शिस्तीचा दिसला. तशीच बाई असती तर गावानं तिला उद्धट म्हटलं असतं आणि दळण दुसरीकडे नेलं असतं. एकच स्वभाव कोणाच्या अंगावर आहे त्यावर त्याची किंमत ठरते.

अमरावतीचा वाणिज्यवाला:
ताईंच्या म्हणण्याशी जुळणारं सांगतो. टोगो देशात लोमे शहरातल्या १५०० लहान व्यावसायिकांवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचं हिशेब-विक्रीचं प्रशिक्षण दिलं, काहींना स्वतः पुढाकार घेणं, अडचण आधीच ओळखणं, अडलं तरी न सोडणं याचं. दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्के वाढला. पहिल्याच्या नफ्यात ठोस म्हणावी अशी वाढ दिसली नाही. आपल्याकडेही १९६० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलँड यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना यशाची ओढ वाढवण्याचं प्रशिक्षण दिलं होतं. म्हणजे स्वभाव जन्माचा ठरलेला असतो हे मानायला मी तयार नाही.

पराटीवाला:
टोगोवाल्यांचं आधीच दुकान होतं, भाऊ. ज्याचं बी उगवलं नाई, त्यानं पुढाकार कायचा घ्यावा?

दारव्हेकर:
ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. त्या माणसाचं काय चुकलं हे मी दोन वर्षं गावभर सांगत फिरलो. तो धंदा करत होता तेव्हा त्याच्याकडे वही सांभाळायला कोणी का नव्हतं, हे एकदाही विचारलं नाही. मीच बसलो असतो. मला हिशेब येतो.

नेटकेपणाबद्दलचं मत मी सोडत नाही. पण तो एकाच माणसात असावा हा हट्ट सोडतो. मशीन अजून शेडमध्येच आहे, रोलरची एमरी (टरफल काढणारा खरखरीत थर) झिजलेली आहे. उद्या त्याच्याकडे जातो.

सेलूची ताई:
जा. पण पहिल्या भेटीत वहीचं बोलू नका. चहा प्या.

पराटीवाला:
जाऊन या भाऊ. वही तुम्ही ठेवसान, समजलं. फेब्रुवारीत तूर घ्यायले पैसा कोन देनार, ते पन त्याच्याशी बोलून या.