फुटबॉल गेमचा व्यावसायिक खेळाडू: गुहागरमधून तयारी कशी करावी?

सुरुबन
धाकटा भाऊ १७ वर्षांचा, बारावीत आहे. पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) वर एफसी २६ हा फुटबॉल गेम खेळतो, त्यातल्या चॅम्पियन्स या आठवड्याच्या ऑनलाइन स्पर्धेत १५ पैकी ११-१२ सामने जिंकतो. त्याला यातच पुढे जायचं आहे. वडिलांचे तीन प्रश्न आहेत. हा जुगार तर नाही ना? पैसा नेमका कुठून येतो? आणि आमच्याकडची वीज आणि नेट बघता हे जमेल का? ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी सांगावं.

जांभा
वीज आणि नेटचं आधी सांगतो, कारण कोकणात गाडी तिथेच अडते.

सामना ६-६ मिनिटांच्या दोन हाफचा असला तरी थांबे धरून १५-२० मिनिटं जातात. मध्येच तुमच्या बाजूने कनेक्शन तुटलं की पराभव लागतो. पीएस५ ला खेळताना साधारण २०० वॅट लागतात. टीव्ही आणि राउटर धरून ३०० समजा. कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस यावर काही मिनिटंच टिकतो, सामना पुरा होत नाही. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घेतलीत तर तीन-साडेतीन तास निघतात. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि नॉर्मल अशी निवड असते. ती यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाइट गेल्याक्षणी कन्सोल बंद पडू शकतो.

घरात बॅकअप असूनही नेट जातं, तेव्हा केबलवाल्याचा वाडीतला बॉक्स बंद पडलेला असतो. त्याला बॅकअप आहे का, हे कनेक्शन घेण्याआधीच विचारा. वेगाचा आकडा बघून भुलू नका. ५० एमबीपीएस पुष्कळ झाले, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) स्थिर हवा. वायफाय नको, राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल ओढा. पीएस५ च्या नेटवर्क चाचणीत एनएटी टाइप ३ (म्हणजे इतर खेळाडूंशी जोडणी अडते) आला तर राउटरमध्ये यूपीएनपी (जोडणीची वाट आपोआप उघडणारी सोय) चालू करा. तरीही ३ च राहिला तर कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असण्याची शक्यता मोठी. तुमच्यासाठी वेगळा आयपी मागा.

अर्थिंग तपासून घ्या. कातळावर, जांभ्यात ते उन्हाळ्यात फार कमजोर होतं, खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणं उत्तम.

रापण
खेळाबद्दल. १५ पैकी ११-१२ म्हणजे हात चांगला आहे, पण पात्रता फेऱ्यांत पुढे जायचं तर १५ पैकी १४-१५ विजय नेहमीचे व्हायला हवेत. मधला फरक बहुतेक वेळा बचावात असतो. क्रिएट बटणातून पीएस५ वर मागचा ६० मिनिटांपर्यंतचा खेळ जपून ठेवता येतो. खाल्लेला प्रत्येक गोल दहा सेकंद आधीपासून बघायला सांगा, आणि त्या वेळी ताबा कुठल्या खेळाडूवर होता ते वहीत लिहू दे. सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) चेंडूकडे ओढला आणि मागे भगदाड पडलं, हे पुन्हापुन्हा सापडेल. त्यावर उपाय असा की सेंटर बॅक जागेवर ठेवायचा आणि डिफेन्सिव्ह मिडफिल्डरने कंट्रोलरचं एल२ बटण धरून वाट अडवायची. खेळाडू बदलताना एल१ वर विसंबू नये, उजव्या स्टिकने हवा तो निवडायची सवय लावावी. आर१ सतत दाबून दुसरा खेळाडू अंगावर धाडला की त्याची जागा उघडी पडते. महिनाभर एवढंच केलं तरी फरक दिसेल.

टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना? नसेल तर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते आणि पोरगा स्वतःच्या टायमिंगला दोष देत बसतो.

कंट्रोलर: सेटिंगमध्ये संवादाची पद्धत 'यूएसबी केबल' करून तारेवर खेळायची सवय हवी. स्पर्धेच्या हॉलमध्ये एकाच जागी अनेक ब्लूटूथ असतात. खाऱ्या दमट हवेत स्टिक लवकर भरकटते (न हलवता हालचाल दाखवते), म्हणून खेळून झाल्यावर कंट्रोलर सिलिका जेल घालून डब्यात ठेवा. कन्सोल मात्र गरम असताना झाकू नका आणि प्रोसेसरपर्यंत उघडूही नका, आत द्रवरूप धातू आहे.

नारळीपौर्णिमा
जुगाराचा मुद्दा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे धरले आहेत. म्हणून 'पैसे लावा, सामना जिंका' म्हणणाऱ्या ॲपपासून त्याला लांब ठेवा. अल्टिमेट टीमचे (एफसीमधला स्वतःचा संघ बांधायचा प्रकार) कॉइन बाहेरून विकत घेऊ देऊ नका, खातं बंद होतं. शिवाय तिथले पॅक (आत कोणते खेळाडू निघतील ते आधी न कळणारी पाकिटं) हे घरच्या पैशांना लागलेलं भोक आहे. महिन्याची मर्यादा ठरवा. खात्यावर जन्मतारीख खरी हवी, पात्रता फेरीत ओळखपत्र तपासतात.

पैसा बक्षीस, क्लबचा करार, स्ट्रीमिंग आणि शिकवणी यांतून येतो. २०२२ च्या फिफाई वर्ल्ड कपच्या (फिफाच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेच्या) विजेत्याला अडीच लाख डॉलर मिळाले, पण ती जागा वर्षाला एकच. आपल्याकडे आयएसएलने (इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगने) २०२१ मध्ये ई-आयएसएल सुरू केली, त्यातून क्लबकडून खेळायची वाट निघाली. निव्वळ बक्षिसावर घर चालवणारे फार थोडे. पदवी सोडू नये, हे माझं ठाम मत.

रापण
सहमत. आणखी एक धोका आहे: गेम कोणता चालणार हे खेळाडू ठरवत नाही. एफसी बनवणाऱ्या ईए कंपनीचं आणि फिफाचं नातं 'फिफा २३' या गेमनंतर तुटलं. २०२४ चा फिफाई वर्ल्ड कप कोनामी कंपनीच्या ई-फुटबॉल या गेमवर झाला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत पीसीवरचा एफसी ऑनलाइन होता, भारताकडून चरणज्योत सिंग आणि करमन सिंग टिक्का खेळले. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांसाठी यादीत ई-फुटबॉल आहे. देशाकडून खेळायचं स्वप्न असेल तर ई-फुटबॉल आतापासून हाताखालून घाला. तो फुकट आहे, मोबाइलवरही चालतो.

सुरुबन
आभारी आहे. मुंबईत पहिली ऑफलाइन स्पर्धा खेळायची तर?

जांभा
पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात. गणपतीच्या आसपास असेल तर आरक्षण उघडेल त्या दिवशीच तिकीट काढा. स्वतःचा कंट्रोलर, तीन मीटरची यूएसबी केबल आणि ओळखपत्र सोबत. कंट्रोलर दुसऱ्या कन्सोलला जोडून बघायचा सराव घरूनच करून निघू दे.